शब्द फोडणाऱ्या निकम मॅडम

निकम मॅडमांच्या पिशवीत हात घालायची वेळ आली की माझे तळहात घामाने ओले व्हायचे. जाड हिरव्या कापडाची, नाडीने तोंड आवळलेली पिशवी होती ती, आणि तिच्यात माणसाची हाडं असायची. खरी. सांगलीच्या आमच्या फिजिओथेरपी कॉलेजात त्या पहिल्या वर्षाला शरीररचना शिकवायच्या. तोंडी परीक्षा जवळ आली की एकेकीला पुढे बोलवायच्या, पिशवीचं तोंड मनगट जाईल एवढंच सैल करायच्या आणि म्हणायच्या, "बघायचं नाही. हाताला विचार."

मी कुंडलची. घरात आजवर कुणी दवाखान्याचं शिक्षण घेतलेलं नव्हतं. कॉलेजात मेलेल्या माणसांची हाडं हाताळावी लागतात हे कळल्यावर आई पहिल्या सुट्टीत मला अंघोळ केल्याशिवाय स्वयंपाकघरात येऊ देत नव्हती. मलाही आतून तिचं पटत होतं. पिशवीत हात गेला की थंड, कोरडं काहीतरी बोटांना लागायचं आणि पाठ झालेली सगळी नावं डोक्यातून निघून जायची. मॅडम ओरडल्या असत्या तर सुटल्यासारखं वाटलं असतं. त्या ओरडायच्या नाहीत. ॲप्रनच्या खिशात हात घालून, मान ताठ ठेवून, समोर नुसत्या उभ्या राहायच्या. त्यांच्या त्या गप्प राहण्याला आख्खा वर्ग भ्यायचा.

"स्कॅफॉइड," मी एकदा कसंबसं म्हणाले.

"म्हणजे काय?"

"मनगटातलं हाड."

"ते कुठलं, ते सांगितलंस. म्हणजे काय?"

त्या थांबल्या, आणि मग एकदम मऊ आवाजात म्हणाल्या, "होडी. ग्रीक लोकांना त्यात होडी दिसली. बोट फिरव. खोलगट लागते का?"

मी बोट फिरवलं. वाटाण्यापेक्षा जरा मोठ्या त्या तुकड्याला खरंच एक खळगा होता.

"शब्दाला घाबरू नका," त्या वर्गाकडे वळून म्हणाल्या. "शब्द फोडा. फोडला की आत नेहमी काहीतरी साधं असतं."

त्या शब्द फोडायला लागल्या की वर्गातली भीती थोडी विरघळायची. पटेला, गुडघ्याची वाटी, म्हणजे छोटी ताटली. टिबिया, नडगीचं हाड, म्हणजे बासरी. क्लॅव्हिकल म्हणजे लहानशी किल्ली. आपण त्याला हासळीचं हाड म्हणतो, कारण आपल्या बायका गळ्याखाली तिथं त्याच नावाचा दागिना घालत. सार्टोरिअस म्हणजे शिंप्याचा स्नायू, मांडी घालून शिवायला बसणाऱ्याचा. पाठीच्या कण्याचं शेवटचं टोक म्हणजे कॉक्सिक्स, कोकिळेची चोच. "त्यांना कोकीळ दिसली, आपल्याला माकड," त्या म्हणायच्या. "आपण माकडहाड म्हणतो." मसल या शब्दात लहान उंदीर आहे, कारण कातडीखाली तो पळाल्यासारखा दिसतो. "आणि आपण दंडात काय काढून दाखवतो?" त्यांनी विचारलं होतं. मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "बेटकुळी."

"बरोबर. त्यांचा उंदीर, आपला बेडूक. अनोळखी गोष्टीला माणूस ओळखीच्या जनावराचं नाव देतो. मग ती कमी भिववते."

मॅडम उंच होत्या, सडसडीत. सुती साडीवर पांढरे बूट घालायच्या आणि त्याबद्दल कुणी काय म्हणतं याची त्यांना फिकीर नसायची. मूळच्या पाटणच्या पुढच्या एका खेड्यातल्या. लग्न केलेलं नव्हतं. विश्रामबागेत एकट्या राहायच्या. रस्त्यानं जाताना त्या माणसांचे चेहरे बघायच्याच नाहीत, चाल बघायच्या. भाजी घेताना मधेच थांबून पलीकडच्या फुटपाथवरच्या अनोळखी गृहस्थांकडे बघत म्हणायच्या, "याचा कुल्ल्याचा स्नायू, ग्लुटिअस मीडिअस, दमलाय. कंबर बघ कशी पडते." गुडघेदुखी लपवून ऐटीत चालणारे आमचे प्राचार्य, समोरून मॅडम आल्या की, वाट बदलायचे.

आमच्या शिकाऊ ओपीडीत त्या आठवड्यातून एकदा बसायच्या. तिथला एक प्रसंग मला अजून दिसतो. जतकडच्या मेंढपाळ घरातलं एक जोडपं आलं होतं. बाईची कंबर धरलेली, आणि तिच्या कमरेपेक्षा नवऱ्याचा चेहरा जास्त आखडलेला. कुठल्यातरी तपासणी केंद्रात त्यांना रिपोर्ट देताना नुसतं आजाराचं नाव वाचून दाखवलं होतं. ते दोन दिवस जेवले नव्हते.

"आवं बाई, खरं सांगा," नवरा हात जोडून म्हणाला. "ह्ये लिस्थेसिस का काय, ह्ये क्यान्सरच हाय न्हवं?"

मॅडमनी रिपोर्ट बाजूला ठेवला. टेबलावरच्या आमच्या वह्या एकावर एक रचल्या आणि मधली एक वही बोटानं जरा पुढे ढकलली. "स्पॉन्डिलो म्हणजे मणका. लिस्थेसिस म्हणजे घसरणं. तुमच्या मालकिणीचा एक मणका एवढाच पुढं सरकलाय. बाकी काही नाही. क्यान्सर नाही."

तो माणूस त्या वह्यांकडे बघत राहिला. मग त्यानं बायकोला विचारलं, "घसारलाय म्हनं. भूक लागलीया का तुला?" आणि ती बाई तिथंच पदर तोंडाला लावून रडायला लागली.

मी पदवी घेतली, साताऱ्यात लग्न होऊन आले आणि तिथंच राजवाड्याच्या खालच्या अंगाला छोटं क्लिनिक काढलं. शिरवळच्या कारखान्यांतून खांदे धरलेले कामगार येतात, उसाच्या फडावरून कंबर धरलेले येतात. मॅडमांना दिवाळीला फोन व्हायचा, तेवढाच.

दोन वर्षांमागे, थंडी संपत आली असताना, भर दुपारी त्या क्लिनिकच्या दारात उभ्या राहिल्या. फोन न करता. सांगलीहून एसटीनं आल्या होत्या. मला आनंद झाला आणि लगेच कसलीतरी भीती वाटली, कारण त्या पायरी चढताना मी त्यांची चाल बघितली. सवय त्यांनीच लावलेली. पाय ताठ पडत होते. बुटाचं टोक फरशीला घासत होतं.

"कुणी पेशंट आहेत?" त्यांनी विचारलं.

"नाही मॅडम. चारपर्यंत कुणी नाही."

"दार लाव."

खुर्चीत बसल्यावर त्यांनी उजवा हात पदराखालून काढून माझ्या टेबलावर ठेवला. अंगठ्याच्या मुळाशी जो मांसल उंचवटा असतो, तो नव्हता. तिथं सपाट झालं होतं. अंगठा आणि पहिलं बोट यांच्या मधल्या जागेत खड्डा पडला होता. डाव्या हाताचंही तेच सुरू झालेलं.

"कधीपासून?" मी विचारलं.

"पावसाळ्यात खडू पडायला लागला. मला वाटलं घाम. मग कुलपात किल्ली फिरेना." त्यांनी एक पाय जरा पुढे केला. "पोटरी लवते. डोळा लवतो ना, तशी. झोपले की आत काहीतरी वळवळतं. पाय कडक झालेत. सुप्रिया, हात वाळतात आणि पाय कडक होतात, ते काय असतं तुला माहीत आहे."

मला माहीत होतं. त्यांनाही माहीत होतं. त्या आजाराचं नाव लगेच दोघींपैकी कुणीच घेतलं नाही. त्यात एकेक स्नायू वाळत जातो, मग गिळणं जातं, मग श्वास, आणि डोकं शेवटपर्यंत शाबूत राहतं. त्यावर औषध नाही.

"कुणाला दाखवलंत?"

"नाही."

"इतके महिने?"

"सांगलीत मला सगळे ओळखतात." मग त्या खाली बघून म्हणाल्या, "ते कारण नाही. मी तो शब्द फोडून बघितला. अमायोट्रॉफिक. अ म्हणजे नाही. मायो म्हणजे स्नायू. ट्रॉफी म्हणजे पोसणं. मांसाला पोसणारं कुणी नाही. आत साधं काही निघालं नाही गं. फोडल्यावर जास्तच भ्या वाटाय लागलं."

इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून पाटणची बोली मी पहिल्यांदा ऐकली.

त्या दोन तासांचा सांगाडा जोडून ठेवावा तसं मला सगळं आठवतं. त्या म्हणाल्या, "माझी जीभ बघ. रोज सकाळी आरशात बघते. ती थरथरते. जीभ थरथरायला लागली म्हणजे संपलं." आणि त्यांनी जीभ बाहेर काढली. खरंच थरथरत होती. मी टॉर्च जवळ नेली. क्षणभर मलाही वाटलं, संपलं. मग त्यांनीच शिकवलेली एक गोष्ट मला आठवली.

"मॅडम, जीभ आत घ्या. तोंड उघडं ठेवा, पण जीभ आत पडून राहू द्या. बाहेर काढली की सगळ्यांचीच थरथरते."

त्यांनी जीभ आत घेतली. मी वाकून बघत राहिले. जीभ भरलेली, गुबगुबीत होती आणि शांत पडून होती. कडेला सुरकुती नाही, खाली वळवळ नाही.

"सांग," त्या तोंड न मिटताच म्हणाल्या.

"शांत आहे."

त्यांनी तोंड मिटलं आणि माझ्याकडे अविश्वासानं पाहिलं. पहिल्या वर्षाच्या पोरीला सांगतात ती गोष्ट त्या इतके महिने आरशासमोर विसरल्या होत्या. मी ते बोलून दाखवलं नाही. त्यांनीच "असं काय झालं मला" म्हणून कपाळ दाबून धरलं.

मग मी टाचणी घेतली. त्या आजारात स्पर्श जात नाही, हे आम्हा दोघींना ठाऊक होतं. माणूस वाळतो, पण टाचणी टोचली की त्याला कळते. म्हणून टाचणी टोचल्यावर त्या "हो" म्हणाल्या असत्या तर ती वाईट बातमी होती. मी त्यांना डोळे मिटायला सांगितलं.

अंगठ्याला टोचलं. "टोचतंय."

मधल्या बोटाला. "टोचतंय."

करंगळीला टोचलं. त्या काही बोलल्या नाहीत. मला वाटलं नीट लागली नाही. पुन्हा, जरा जोरात. तरी गप्प. हाताच्या करंगळीकडच्या कडेनं मी मनगटाच्या वरपर्यंत टोचत गेले.

"करतेस ना?" मिटल्या डोळ्यांनीच त्यांनी विचारलं.

"मॅडम, मी केव्हाची टोचतेय."

त्यांनी डोळे उघडले. करंगळीवर रक्ताचा बारीकसा थेंब आला होता. त्या त्याच्याकडे बघत राहिल्या. आपला हात बधिर झालाय याचा आनंद झालेलं माणूस मी त्याआधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही. "बधिर आहे," त्या म्हणाल्या. "म्हणजे मानेत असेल. मानेत दाबलं जात असेल." आणि मग माझा हात घट्ट धरायचा प्रयत्न करायला लागल्या, पण त्यांच्या बोटांत ताकदच नव्हती.

एमआरआय मिरजेत झाला. मानेच्या खालच्या मणक्यांमधली गादी मागे सरकून मज्जारज्जूला चेपत होती. त्या वाळवणाऱ्या आजाराचा संशय गेला, पण भीती गेली नाही, तिनं फक्त जागा बदलली. सर्जन समंजस होते. त्यांनी चित्र दाखवून सांगितलं की ऑपरेशन मानेच्या पुढच्या बाजूनं होईल, हाताचं मांस बहुधा परत येणार नाही, आणि धोका आहे. क्वचित हातपाय जाऊ शकतात.

मॅडमांचे थोरले भाऊ गावाहून आले होते. फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, पांढऱ्या मिशा, डोक्यावर टोपी. त्यांनी विचारलं, "आन न्हाई केलं तर, डाक्टर?"

"तर पाय हळूहळू जातीलच."

दाखल व्हायच्या दिवशी मी सकाळी साताऱ्याहून निघून विश्रामबागेत पोचले, तर दारात सुभेदार एकटेच उभे होते.

"प्रभा न्हाई घरात," ते म्हणाले. "बॅग हाय, चपला हाईत, बूट न्हाईत. फोन लागत न्हाई."

आम्ही शेजाऱ्यांकडे विचारलं, बस स्टँडवर बघितलं. सुभेदार रिक्षात गुडघ्यांवर हात दाबून बसले होते आणि सारखे बाहेर बघत होते. "ल्हानपनी भ्याली की धान्याच्या कनगीमागं जाऊन बसायची," एवढंच बोलले. तेव्हा मला सुचलं आणि मी रिक्षा कॉलेजकडे घ्यायला सांगितली.

मॅडम कॉलेजातल्या हाडांच्या खोलीत होत्या. सुट्टीचा दिवस, शिपायानं ओळखीनं कुलूप काढून दिलेलं. लांब टेबलाशी स्टुलावर बसल्या होत्या आणि समोर मानेचे मणके ओळीनं मांडलेले होते. एका मणक्याच्या पोकळीत त्यांनी आपली करंगळी घातली होती.

"बघ," त्या माझ्याकडे न वळता म्हणाल्या. "केवढीशी जागा आहे. करंगळी अडकते. एवढ्याशा जागेतनं सगळं जातं. चालणं, लिहिणं, लघवीसुद्धा. इतकी वर्षं शिकवलं, पण कधी असं वाटलं नव्हतं. ह्याच्याजवळ कुणीतरी हत्यार नेणार. तेवढ्यात हात हलला तर?"

सुभेदार दारातच थांबले होते. कपाटातल्या कवट्या, खुंटीला टांगलेला सांगाडा, सगळीकडे त्यांची नजर फिरली.

"ही खरी मान्सं हाईत का?" त्यांनी हळू विचारलं.

"होय दादा."

त्यांनी टोपी काढली. थोडा वेळ तसेच उभे राहिले, मग आत आले आणि बहिणीच्या शेजारच्या स्टुलावर बसले. मणक्याकडे त्यांनी बघितलं नाही.

"मला बी लय भ्या वाटतंय," ते म्हणाले. "रातभर डोळ्याला डोळा न्हाई."

"तुला?"

"मग? बॉर्डरवर काय भ्या वाटत नव्हतं व्हय? पर भ्या जायची वाट बघत कुनी बसत न्हाई. बसला तर तितंच ऱ्हातो." त्यांनी बहिणीच्या वाळलेल्या हातातून मणका हळूच सोडवून टेबलावर ठेवला. "तू भ्यालेलीच चल. आमी दोगं बी भ्यालेलंच येतो."

मॅडमनी त्या मणक्यावरून एकदा बोट फिरवलं. मग उठल्या. मी मणके आवरायला लागले तर म्हणाल्या, "राहू दे. चल आधी. नाहीतर मी परत बसेन."

ऑपरेशन लांबलं. सुभेदार व्हरांड्यात एका खांबाला टेकून उभे होते, बसा म्हटलं तरी बसले नाहीत. मला त्या दुपारचा वास आठवतो, फिनेलचा आणि शेजारच्या कँटीनमधल्या तळणाचा. दार उघडलं की आमच्या दोघांच्या माना एकदम वळायच्या, आणि दुसऱ्याच कुणाचं नाव पुकारलं जायचं.

शेवटी आम्हाला आत सोडलं. त्या उताण्या पडल्या होत्या, गळ्याला पट्टा, चेहरा पांढुरका. डोळे मिटलेले. आवाज बसून पार घोगरा झाला होता. पुढून ऑपरेशन केल्यावर काही दिवस तसं होतं.

"सुप्रिया," त्या म्हणाल्या. "पायाचा अंगठा हलवतेय. हलतो का?"

"डोळे उघडून बघा ना मॅडम."

"नाही. तू सांग."

मी सांगायच्या आधी सुभेदार चादर वर करून बघत होते. "हालतोय," ते म्हणाले. "दोनी बी हालत्यात. लय हालत्यात प्रभे, आता पुरं कर."

तरी त्या अंगठे हलवतच राहिल्या, डोळे न उघडता, थकून झोप लागेपर्यंत.

पाय वाचले. ताठरपणा कमी झाला, बुटाचं टोक घासायचं थांबलं. हात मात्र सर्जन म्हणाले तसेच राहिले. बटणं लागत नव्हती, पेन धरता येत नव्हतं. त्यांनी नोकरी सोडली आणि त्या पाटणला भावाकडे राहायला गेल्या. मी महिन्यातून एकदा व्यायाम तपासायला जायचे. त्यांना आता एका गोष्टीची भीती होती, पडण्याची. गचका बसला तर, पाय घसरला तर, मानेत बसवलेली धातूची पट्टी हलली तर. अंगणात कुत्रं धावत आलं तरी त्या भिंतीला पाठ लावून उभ्या राहायच्या. वहिनींनी फरशीवरचं पायपुसणंसुद्धा काढून टाकलं होतं. मी समजावायचे, हाड आता जुळून आलंय, एक्स-रेमध्ये दिसतंय. त्या म्हणायच्या, "मला कळतं. मानेला कळत नाही."

गेल्या उन्हाळ्यात त्या वारल्या. दुपारी जेवून आडव्या झाल्या आणि झोपेतच हृदय थांबलं. हाताचा, मानेचा, पायांचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. ज्याला त्या इतक्या भ्याल्या त्यातलं काहीच आलं नाही, आणि जे आलं त्याला भ्यायला त्यांना वेळ मिळाला नाही. सुभेदारांनी फोनवर सांगितलं तेव्हा मला आधी हेच वाटलं.

माझ्या मनात राहिलेली भेट त्याआधीच्या पावसाळ्याअखेरची, भात पोटरीत, कणीस फुटायच्या बेतात आलेलं असतानाची. मी पोचले तेव्हा त्या अंगणाच्या कडेला उभ्या होत्या. तिथून पुढे भाताची खाचरं उतरत जातात आणि मधून हातभर रुंदीचा बांध आहे. पलीकडच्या टोकाला सुभेदार पाणी वळवत होते.

"तिथवर जायचंय," मॅडम म्हणाल्या.

बांध ओला होता. दोन्हीकडे चिखल. मी त्यांचा दंड धरायला हात पुढे केला.

"धरू नकोस." मग लगेच म्हणाल्या, "पण लांब जाऊ नकोस."

त्यांनी बूट काढले, साडी खोचली आणि अनवाणी पाय बांधावर ठेवला. मी एक पाऊल मागे. त्यांनी दोन्ही हात बाजूला पसरले होते, वाळलेली बोटं थोडी वाकलेली. श्वास मला ऐकू येत होता. मधे एकदा पाय सरकला आणि त्या थांबल्या; पाठ पूर्ण ताठरली, मानेवर घाम उमटला. पलीकडून सुभेदारांनी हातातलं फावडं खाली ठेवलं, पण जागचे हलले नाहीत.

मी हात त्यांच्या पाठीजवळ नेऊन धरला, न लावता. थोड्या वेळानं त्यांनी पुढचा पाय उचलला.

त्या पलीकडे पोचल्या, तेव्हा मी एक पाऊल मागे, अजून बांधावरच होते. मावळतीचं ऊन भातावर होतं. भावाच्या खांद्यावर हात टेकून त्या वळल्या, आलेल्या वाटेकडे बघितलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"दादा," त्या म्हणाल्या, "आता परत कसं जायचं रं?"

"जाऊ की," सुभेदार म्हणाले. "बस जरा."

आणि त्या तिथंच ओल्या गवतावर, पाय चिखलात सोडून, बसल्या.